ध्यान मोजणारी माणसे

मुंबई-गोवा महामार्गावरचे कोलाड आज बहुतेकांना ठाऊक आहे ते कुंडलिकेतल्या राफ्टिंगमुळे. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटले की नदी फुगते आणि तराफे निघतात. भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला नेण्याची कोकण रेल्वेची सेवाही १९९९ साली येथूनच सुरू झाली. पण याच कोलाडहून इंदापूर, तळे असा रस्ता धरला तर मांदाडच्या बाजूला, राजपुरीच्या खाडीवर नजर ठेवून असलेल्या डोंगरात कुडे लेणी लागतात. तेथे फारसे कोणी जात नाही. कार्ले-भाजे यांच्यासारखी भव्यता तेथे नाही. छोटी छोटी सव्वीस लेणी, ओसऱ्या, भिंतीत कोरलेले दगडी ओटे आणि एका माणसाला पाठ टेकता येईल एवढ्या खोल्या.

या खोल्या बौद्ध भिक्षूंच्या. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या. भिक्षूंच्या दिनक्रमात ध्यान होते आणि त्या ध्यानाचा एक अगदी प्राथमिक प्रकार म्हणजे आनापान, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे नुसते लक्ष ठेवणे. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही, फक्त तो आहे हे जाणायचे. कुड्याच्या ब्राह्मी लेखांत लेणी कोरून देणाऱ्यांची नावे आहेत. मांदाडच्या महाभोजांच्या घराण्यातली माणसे आहेत, लोखंडाचा एक व्यापारी आहे, एक माळी आहे. आम्हाला सर्वांत लक्षात राहतो तो सोमदेव नावाचा वैद्य. त्याचा बापही वैद्यच. मुलामुलींच्या नावांसह त्याने एक लेणे दान दिले. त्याने ध्यानाकडे औषध म्हणून पाहिले असेल असे म्हणण्यास काही आधार नाही. पुण्यासाठी दान करणारा तो एक श्रद्धाळू उपासक होता. भिक्षूसुद्धा रक्तदाब उतरावा म्हणून बसत नव्हते.

हे आधीच सांगून टाकणे बरे. कारण आज 'दहा मिनिटांचे सोपे ध्यान, रोजच्या ताणावर उतारा' असे जे शाळाशाळांत आणि प्रशिक्षण वर्गांत सांगितले जाते, त्याच्यामागे हजारो वर्षांची परंपरा आहे असे म्हणून प्रश्न मिटवला जातो. परंपरा आहे हे खरे. पण तिचे उद्दिष्ट वेगळे होते. ताणावरचा उपाय म्हणून ध्यान ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची आहे, आणि तिची बरीचशी जडणघडण आपल्याच मुलखात, कोलाडहून पाली-खोपोली करत घाट चढले की लागणाऱ्या लोणावळ्यात आणि पुढे मुंबईत झाली आहे.

मुळात 'ताण' हा शब्दच या अर्थाने नवा. आपल्या आजीला काळजी असे, घोर लागे, जीव टांगणीला लागे. तिला 'ताण' येत नसे. ताण दोरीला यायचा. इंग्रजीतला मूळ शब्दही पदार्थविज्ञानातूनच आलेला; आपल्या पाठ्यपुस्तकात त्यासाठी 'प्रतिबल' हा शब्द आहे. १९३६ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा, इजा करा किंवा विषारी द्रव्ये टोचा. कारण कोणतेही असो, शरीरात घडणारे बदल मात्र ठरावीक साच्याचे असतात. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, थायमस ग्रंथी आक्रसते, जठराला व्रण पडतात. त्याआधी वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवले होते की संकट दिसताच प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, पचन थांबते. वाघ समोर आला तर हे उपयोगाचे. पण वर्गात साठ मुले, टेबलावर न तपासलेला गठ्ठा आणि संध्याकाळपर्यंत भरून द्यायची माहितीपत्रके असतील तर ना लढता येते ना पळता येते. शरीर मात्र सज्ज होऊन बसते.

सेल्येंच्या पत्राच्या बारा वर्षे आधी, १९२४ च्या दसऱ्याला, लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन झाली होती. संस्थापक स्वामी कुवलयानंद. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्यात प्रा. माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले, नर्मदाकाठच्या मालसर येथे माधवदास महाराजांकडे योग शिकले. मधल्या काळात खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात होते. म्हणजे मूळचा माणूस आपल्याच धंद्यातला, शिक्षक.

या शिक्षकाचे वेगळेपण असे की गुरूंनी सांगितलेली गोष्ट खरी मानूनही ती मोजून पाहावी असे त्याला वाटले. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. पाण्यात बसून, पोटाच्या स्नायूंची नौली करून, पाणी गुदमार्गे आत ओढून घ्यायचे. पाणी वर चढते कसे? ती योगसामर्थ्याची खूण आहे असे साधक मानत. कुवलयानंदांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. पुढे लोणावळ्यात आतड्यातला दाब मोजण्यासाठी दाबमापक जोडला. नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी चढते, असे आढळले. पिचकारीत पाणी चढते तसेच. या अंशतः निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरूंचा मान राखला आणि चमत्कारही उरू दिला नाही, ही जोड आम्हाला फार आवडते. हे सारे प्रयोग 'योग मीमांसा' या संस्थेच्या नियतकालिकात १९२४ पासून येऊ लागले. त्यात दाबाचे आकडे आणि उपकरणांची वर्णने असत.

मार्च १९२७ मध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात, कोल्हापूरला असताना, गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. त्या वर्षी त्यांनी योगोपचारांविषयी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला. रक्तदाबावर खात्रीचे औषध त्या काळी नव्हतेच. स्वस्थ पडून राहणे हाच उपाय. स्वस्थ पडण्याची एक शिस्तबद्ध रीत, म्हणजे शवासन, योगाकडे आधीपासून होती. त्यामुळे ही दोन टोके एकत्र येणे स्वाभाविकच होते.

लोणावळ्याची कीर्ती बाहेर पोहोचली तशी बाहेरची माणसे येऊ लागली. १९३० नंतरच्या वर्षांत येल विद्यापीठातून के. टी. बेहनन हे मानसशास्त्राचे संशोधक आले. मूळचे केरळातले, आणि बुवाबाजीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या डॉ. अब्राहम कोवूर यांचे बंधू. (एकाच घरातल्या दोघा भावांनी दोन बाजूंनी त्याच प्रश्नाला भिडावे, ही गंमतच.) बेहनन यांनी स्वतः प्राणायाम शिकून स्वतःवरच मोजमापे घेतली. प्राणायामाने शरीराची प्राणवायूची गरज कमी होते असा समज होता. त्यांना उलटे आढळले. उज्जायीच्या वेळी प्राणवायूचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी, भस्त्रिकेच्या वेळी १८ टक्क्यांनी आणि कपालभातीच्या वेळी १२ टक्क्यांनी वाढला. एवढेच नव्हे, तर प्राणायामानंतर लगेच बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे अशा चाचण्या दिल्या तर त्यांचा वेग मंदावलेला दिसला. १९३७ साली त्यांनी हे सारे पुस्तकात मांडले, आणि त्याचबरोबर आपल्याला या साधनेने भावनिक स्थैर्य लाभले असेही लिहिले. दोन्ही गोष्टी त्यांनी लपवल्या नाहीत. परीक्षेच्या आधी मुलांकडून प्राणायाम करून घेतल्यास गणिते भराभर सुटतात असे ज्यांना वाटते त्यांनी बेहनन यांची आठवण ठेवावी. प्रयोग अर्थात एकाच माणसावरचा, हेही ध्यानात असू द्यावे.

१९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई हृदयाचा विद्युतालेख काढण्याचे यंत्र घेऊन भारतात आल्या. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्याचा आलेख त्यांनी काढला आणि तो खरोखरच जवळजवळ सपाट दिसला. जगभर बातमी झाली. त्यानंतर दोन तपे गेली. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोघे अमेरिकेतून अधिक चांगली यंत्रे घेऊन आले आणि गावोगाव योग्यांना भेटत फिरले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले बी. के. आनंद त्यांच्या जोडीला होते. या तिघांचा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाला. श्वास रोखून छातीचे व पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, मनगटावरची नाडी लागेनाशी होते, स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू येत नाहीत. पण विद्युतालेखात हृदय चालूच असते. नाडी न लागणे म्हणजे हृदय थांबणे नव्हे, हा धडा आठवीच्या वर्गातही सांगण्याजोगा आहे.

हे सारे असाधारण माणसांबद्दल झाले. रोजच्या ताणाने गांजलेला साधा माणूस या इतिहासात येतो तो १९६९ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी तीन सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. सहकाऱ्यांपैकी डॉ. एस. एल. विनेकर हे कैवल्यधामातले. रीत अशी : उताणे पडायचे, पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून थोडे दूर. पोटाने संथ श्वास घ्यायचा, श्वास घेतल्यावर थोडेसे आणि सोडल्यावर थोडे अधिक थांबायचे. लक्ष नाकपुड्यांशी ठेवायचे. आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी ऊन लागते, एवढेच जाणायचे. असे अर्धा तास. बहुतेकांना हे नीट जमायला तीन आठवडे लागले.

ज्यांना कोणतेही औषध दिलेले नव्हते अशा दहा जणांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ मिलिमीटरवर आला. औषधाने ज्यांचा रक्तदाब काबूत होता अशा २२ जणांपैकी १३ जणांचे औषध मूळच्या सुमारे एक तृतीयांशावर आणता आले. औषध घेऊनही ज्यांचा दाब नीट आटोक्यात नव्हता त्या १५ जणांपैकी मात्र सहा जणांनाच असा फायदा झाला.

आता ती रीत पुन्हा पाहा. नाकपुडीशी लक्ष, गार हवा, ऊन हवा. कुड्याच्या खोलीतल्या आनापानाचे हे जवळचे नातलग आहे. त्यातून निर्वाण वजा केले आणि दाबमापक जोडला, एवढाच फरक. आमच्या मते 'सोपे ध्यान' आधुनिक अर्थाने येथे जन्मले; बोस्टनमधल्या हर्बर्ट बेन्सन यांचे याच विषयावरचे लोकप्रिय पुस्तक १९७५ चे आहे, म्हणजे सहा वर्षे नंतरचे. आणखी एक योगायोग असा की त्याच १९६९ च्या जुलैमध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी आपले भारतातले पहिले विपश्यना शिबिर मुंबईतच भरवले. त्यांना स्वतःला ही विद्या भेटली होती ती न हटणाऱ्या अर्धशिशीमुळे. इगतपुरीचे केंद्र १९७६ पासून चालू झाले आणि पुढे 'मित्र उपक्रम' या नावाने राज्यातल्या शाळांत दहा मिनिटांचे आनापान आले ते याच वाटेने.

दात्यांच्या प्रयोगात एक उणीव होती. शवासन न करता, पण तितक्याच वेळा दवाखान्यात येऊन, तितकीच विचारपूस मिळालेले रुग्ण तुलनेला नव्हते. रक्तदाब नुसत्या सवयीनेही उतरतो. पहिल्या दिवशी डॉक्टर पाहून धडधडणारे हृदय दहाव्या भेटीत शांत असते. लंडनमध्ये दवाखाना चालवणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी ही उणीव भरून काढली. १९७५ साली त्यांनी डॉ. नॉर्थ यांच्यासह ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला शिथिलीकरण व ध्यान शिकवले, दुसऱ्याला तितकाच वेळ नुसते आरामात पडायला सांगितले. पहिल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. म्हणजे नुसत्या पडण्यानेही थोडा उतरला, शिकून पडण्याने अधिक.

पण सगळेच निकाल इतके सरळ आले नाहीत. अमेरिकेत १९७० च्या आसपास रॉबर्ट वॉलेस यांनी भावातीत ध्यान करणाऱ्यांचा प्राणवायूचा वापर घटतो असे दाखवले आणि 'ध्यान ही जागृती, निद्रा व स्वप्न यांपलीकडची चौथी अवस्था' अशी भाषा सुरू झाली. १९७६ साली मायकेल्स व सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्यांचे रक्त तपासले आणि डोळे मिटून नुसते बसलेल्यांच्या रक्ताशी ताडून पाहिले. ॲड्रेनलिनच्या कुळातली ताणाची संप्रेरके दोघांत सारखीच होती. १९८४ मध्ये डेव्हिड होम्स यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन तेच म्हटले : शरीराच्या मोजमापांवरून ध्यान आणि स्वस्थ विश्रांती यांत फरक दाखवता येत नाही. पुढे २०१४ साली ४७ चाचण्यांचा, साडेतीन हजार माणसांचा, एकत्रित आढावा निघाला. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने लहान ते मध्यम प्रतीचा फायदा होतो. व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ते सरस आहे असा पुरावा नाही.

या निकालांनी ध्यानवाल्यांनी रागावण्याचे कारण नाही, आणि ध्यानाला हसणाऱ्यांनी खूश होण्याचेही नाही. स्वस्थ बसणे ही फुकट मिळणारी गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. पण विचार करा, दिवसातून वीस मिनिटे कोण स्वस्थ बसतो? हातात काही नसताना, झोप लागू न देता, पुढच्या कामाची उजळणी न करता? श्वासाकडे लक्ष ठेवणे ही त्या स्वस्थतेला दिलेली खुंटी आहे असे मानले तरी तिचे मोल कमी होत नाही.

शिवाय श्वासच का, याला शरीरशास्त्रीय कारणही आहे. हृदय, जठर, रक्तवाहिन्या यांच्यावर स्वायत्त चेतासंस्थेचा अंमल. तिथे आपले काही चालत नाही. श्वास मात्र दोन्ही घरचा पाहुणा : आपोआपही चालतो, ठरवूनही चालवता येतो. आणि श्वासाची हृदयाशी गाठ आहे. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८४७ सालीच नोंदवले होते. श्वास सोडताना परानुकंपी चेतासंस्थेची भेगस मज्जा हृदयाला आवर घालते. सोडण्याचा काळ लांबवला की हा आवर जास्त वेळ राहतो. दात्यांच्या रीतीत श्वास सोडल्यावर अधिक थांबायला का सांगितले होते, ते यावरून कळते.

शाळांसाठी सर्वांत महत्त्वाचा प्रयोग अलीकडचा आहे. इंग्लंड आणि शेजारच्या भागांतल्या ८४ शाळांतल्या, साधारण अकरा ते चौदा वयाच्या आठ हजारांवर मुलांवर झालेला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. निम्म्या शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी सजगतेचे ध्यान शिकवले, निम्म्यांत नेहमीचा भावनिक-सामाजिक शिक्षणाचा तास चालू राहिला. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात ध्यानाने काहीही जादा फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही, कंटाळा आला. फरक पडला तो शिक्षकांत. त्यांचा थकवा थोडा उतरला, शाळेतले वातावरण थोडे निवळले. वर्षभरात तोही परिणाम बराचसा ओसरला.

आपल्याकडे एखादा उपक्रम वरून येतो तेव्हा तो मुलांसाठी येतो, शिक्षकाने तो राबवायचा, छायाचित्र काढायचे आणि अहवाल भरायचा. या प्रयोगाचा रोख पाहता क्रम उलटा हवा. मुलांना सक्तीने डोळे मिटायला लावण्याआधी शिक्षकाला दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे कोणी काही मागणार नाही अशी मिळाली पाहिजेत. ती न देता ध्यानाचे आणखी एक परिपत्रक पाठवणे म्हणजे दुखण्याचे कारण तसेच ठेवून रोग्याला लेप लावायला सांगणे. एक सावधगिरीही हवी. काही मुलांना, विशेषतः घरात भीतीचे काही घडलेले असेल तर, डोळे मिटून आत पाहणे सोसत नाही. त्यांना डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेर पाहू द्यावे. आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी ती ध्यानाच्या भरवशावर आपणहून बंद करू नये. दात्यांनीही औषध कमी केले ते दाब मोजत मोजत.

मुलांना यातले विज्ञान मात्र जरूर दाखवावे. आठवी-नववीच्या वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. मनगटावरची नाडी मोजायला आधी दोन दिवस शिकवा. पहिल्या दिवशीचे आकडे भरवशाचे नसतात. मग सर्वांची एक मिनिटाची नाडी फळ्यावर न लिहिता ज्याच्या त्याच्या वहीत लिहू द्या. एका गटाने पाच मिनिटे नाकपुडीतल्या गार-ऊन हवेकडे लक्ष द्यावे, दुसऱ्याने तितकाच वेळ खिडकीबाहेर पाहत नुसते बसावे. पुन्हा नाडी मोजा, सरासरी काढा. असे आठवडाभर रोज करा, दर दिवशी गट पुन्हा चिठ्ठ्यांनी पाडा. दोन्ही गटांची नाडी थोडी उतरेल. दोन्हींत फरक किती आणि तो रोज त्याच बाजूचा येतो का, हे वर्गाला ठरवू द्या. शेवटच्या दिवशी संथ, खोल श्वास घेत मनगटावर बोट ठेवून आत येताना आणि बाहेर जाताना ठोक्यांचा वेग बदलतो का ते पाहायला सांगा. मुलांत हा बदल मोठ्यांपेक्षा ठळक असतो. तुमच्या स्वतःच्या मनगटावर तो चटकन जाणवला नाही तर एखाद्या मुलाच्या पाहा.